समाजमंदिराचं कुलूप निघाल्यावर: वस्तीतली जमायची जागा बारा महिने चालती कशी ठेवायची

सांगलीतली कुठलीही जुनी, दाटीवाटीची वस्ती घ्या, तिथं एक समाजमंदिर सापडतंच. कुणाच्या तरी निधीतून बांधलेलं, भिंतीत संगमरवरी पाटी, पाटीवर उद्घाटकांची नावं आणि दाराला कुलूप. आत मांडवाचे उरलेले बांबू, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि गेल्या गणपतीची थर्माकोलची कमान. जयंतीला उघडतं, गणपतीत उघडतं, मतदानाला उघडतं. एरवी वस्ती जमते ती नळाशी, टपरीवर नाहीतर चौकातल्या कट्ट्यावर.

हे कुलूप काढून जागा रोजच्या वापरात आणू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. एक दणदणीत कार्यक्रम करणं आपल्याकडं कुणालाही जमतं. वर्गणी निघते, मांडव पडतो, हलगी वाजते. अवघड काम आहे ते मंगळवारी दुपारी तीन वाजता दार उघडं असण्याचं. म्हणून पुढं कार्यक्रमांइतकंच किल्लीवर, वहीवर आणि हिशेबावर लिहिलंय. ज्यांना फक्त मांडवाच्या परवानग्या हव्यात त्यांनी सरळ खालच्या भागात उडी मारावी.

आधी नुसतं बघा

बैठक बोलवायची घाई नको. आठवडाभर वही घेऊन फिरा आणि लोक आत्ता कुठं, किती वाजता, किती वेळ थांबतात ते टिपा. मारुतीच्या देवळाची ओसरी सकाळी म्हाताऱ्यांची असते आणि रात्री भजनाची. तालीम पोरांची. विहारात रविवारी वंदनेला गर्दी, मशिदीपुढच्या मोकळ्या जागेत शुक्रवारी दुपारी. रेशन दुकानासमोरची रांग हीसुद्धा जमायची जागाच आहे. वस्तीतल्या निम्म्या बातम्या तिथंच फुटतात.

बघताना एक प्रश्न कायम डोक्यात ठेवा: इथं कोण येत नाही? तालमीत बैठक ठेवली की बायका आपोआप बाहेर राहतात. देवळात ठेवली की शेजारच्या गल्लीतली चार घरं काही न बोलता येत नाहीत, विहारात ठेवली की दुसरी चार. समाजमंदिराचा फायदा हाच, की नियमानं ते सगळ्यांचं आहे. प्रत्यक्षात ते एका गल्लीचं होऊन बसलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

वेळा टिपताना कामाच्या पाळ्या लक्षात घ्या. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार मोकळ्या असतात, संध्याकाळी पुन्हा कामावर. मार्केट यार्डातले हमाल अंधार पडायच्या सुमाराला घरी येतात, अंघोळ-जेवण होईपर्यंत आठ वाजतात. साधारण फेब्रुवारी ते मे हा हळदीचा आणि बेदाण्याचा हंगाम; त्या महिन्यांत गोदामात निवडायला जाणाऱ्या बायकांना संध्याकाळी कुठल्याही उपक्रमाला बोलावणं म्हणजे त्यांच्या झोपेवर हात टाकणं. आणि नळाला पाणी यायची वेळ! त्या वेळेला ठेवलेली बैठक पडणार म्हणजे पडणारच, तुमचा विषय कितीही जिव्हाळ्याचा असो.

जागा कुणाची, ते कागदावर शोधा

वस्तीत विचारलं तर तीन माणसं तीन नावं सांगतील. तोंडी माहितीवर रंगाचा डबासुद्धा उघडू नका. सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून त्या जागेचा उतारा काढा. उताऱ्यावर महापालिकेचं नाव असेल तर काम सोपं आहे. आयुक्तांच्या नावे अर्ज लिहून आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जावर वीस-पंचवीस सह्या असाव्यात आणि त्यात निम्म्या बायकांच्या. अर्जात मोघम मागणी नको. ‘समाजमंदिर दुरुस्त करून मिळावे’ असं लिहिलं की कागद फिरत राहतो. ‘देखभालीची जबाबदारी आम्ही खालील रहिवासी घेतो, किल्ली व वापराची लेखी परवानगी द्यावी’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असलेल्यानं अर्ज केला तर तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणं अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, उत्तराची मुदत ३० दिवस. विचारायचं एवढंच: ही वास्तू कोणत्या योजनेतून बांधली, सध्या कुणाच्या ताब्यात आहे, ताबा देताना झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्या. वर्षानुवर्षं किल्ली कमरेला लावून फिरणाऱ्याकडं बहुधा एक ओळही लेखी नसते. अर्ज गेल्याची बातमी वस्तीत पोचली की किल्ली कधीकधी आपणहून चालत येते.

पण त्या माणसाला शत्रू करू नका. इतकी वर्षं पत्रे चोरीला गेले नाहीत ते त्याच्यामुळंच. जागा चालवणाऱ्या रहिवाशांच्या समितीत त्याला घ्या, पहिला नारळ त्याच्या हातून फोडा आणि दुसऱ्या दिवशी कुलूप बदला.

किल्ली, वही आणि सुतळी

जागा चालणार की बंद पडणार हे इथं ठरतं, म्हणून जरा सावकाश.

किल्ल्या तीन करा. पहिली मंडळाच्या अध्यक्षाकडं नको. अध्यक्ष दिवसभर कामावर, फोन उचलत नाही, आणि त्याच्याशी अबोला धरलेली दोन घरं तरी असतातच. पहिली किल्ली द्यायची समाजमंदिराला चिकटून राहणाऱ्या, दिवसभर घरी असणाऱ्या, सगळ्यांशी बोलणाऱ्या बाईकडं. प्रत्येक वस्तीत अशी एक आक्का किंवा मावशी असते. दुसरी अंगणवाडीच्या सेविकेकडं, अंगणवाडी तिथंच भरत असेल तर. तिसरी समितीच्या कपाटात, पाकिटात बंद, पाकिटावर तीन सह्या.

पहिल्या किल्लीसोबत एक दोनशे पानी वही. पाच रकाने: तारीख, नाव, कशासाठी, घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ. वहीला भोक पाडून सुतळी ओवायची आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पेन बांधायचं, नाहीतर पेन त्याच दिवशी गायब. वही दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेली. कुणीही आला तरी लिहिल्याशिवाय किल्ली नाही, नगरसेवकाचा माणूस असला तरी नाही.

‘कशासाठी’ हा रकाना बिनकामाचा वाटतो, पण खरं काम तोच करतो. संध्याकाळी चार पोरं येतात. “आक्का, किल्ली द्या की, जरा बसतो आत.” आक्का म्हणते, “घे की, वहीत लिही. कशाला पायजे ते बी लिही.” तीन पत्ती खेळायला असं वहीत कुणी लिहीत नाही. पोरं थोडा वेळ घुटमळतात आणि जातात. आक्काला भांडावं लागत नाही, कुणाच्या आईपर्यंत जावं लागत नाही.

नियम कमी ठेवा आणि ऑइल पेंटनं भिंतीवर लिहा. कागदावरचे नियम पावसाळ्यात गळून पडतात. पाच पुरेत. रात्री दहाला कुलूप. आत दारू, गुटखा, पत्ते नाहीत. वहीत ज्याचं नाव आधी त्याची तारीख. झाडल्याशिवाय किल्ली परत घेतली जाणार नाही. बारसं, साखरपुडा, वाढदिवसाला भाडं लागेल; मयतीला, दहाव्याला लागणार नाही. मयतीचा हा अपवाद वस्तीला सगळ्यात जास्त पटतो आणि बाकीच्या नियमांनाही त्यातूनच मान मिळतो.

भाडं ठरवताना जवळच्या मंगल कार्यालयाचा दर बघू नका, वस्तीतल्या एका दिवसाच्या मजुरीचा अंदाज घ्या. त्याच्या आसपास ठेवलं की कुरकुर होत नाही. त्यातला ठरलेला वाटा किल्ली सांभाळणाऱ्या आक्काला दर महिन्याला द्यायचा, सही घेऊन. इथं बरीच मंडळी नाक मुरडतात, ‘समाजकार्याचे पैसे कसले’ म्हणतात. मला हे पटत नाही. दिवसातून दहा वेळा उठून दार उघडणं हे काम आहे, आणि फुकटचं काम दोन-चार महिन्यांत कंटाळ्याचं होतं. मग एक दिवस ‘किल्ली सापडत नाही’ आणि समाजमंदिर परत बंद.

लाइट, पाणी, संडास

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण क्रम चुकवू नका. आधी मीटर कुणाच्या नावावर आहे आणि थकबाकी किती ते बघा. जुनी थकबाकी असेल तर महावितरणशी हप्त्यांचं बोलणं होतं. आकडा टाकून लाइट घेऊ नका. पहिल्या पावसात ओल्या भिंतीला शॉक उतरतो आणि तिथं अंगणवाडीची पोरं हात टेकून उभी असतात. मग पंखा. मग संडास. बायकांसाठी आतून कडी लागणारा, पाणी असलेला संडास नसेल तर दोन तासांपेक्षा लांबीचा कुठलाही कार्यक्रम हा फक्त पुरुषांचा कार्यक्रम होतो. रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

मोठ्या दुरुस्तीला आमदार निधी, खासदार निधी किंवा नागरी वस्ती सुधारणेच्या योजनांतून पैसे मिळू शकतात. मागायला जाताना ती किल्लीची वही सोबत न्या. तीन महिन्यांत दोनशे नोंदी असलेली वही बघितली की समोरच्याचा सूर बदलतो.

पहिले तीन महिने लहानच

उद्घाटनाचा कार्यक्रम करू नका. खरंच नको. उद्घाटन म्हटलं की पाहुणे, पाहुणे म्हटलं की फ्लेक्स, फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा यावरून फाटाफूट, आणि दार उघडायच्या आधीच वस्तीत दोन गट.

त्यापेक्षा आठवड्याचं वेळापत्रक लावा. सकाळी दहा ते एक अंगणवाडी. दुपारी दोन ते चार बायकांची वेळ: एक दिवस बचत गटाची बैठक, एक दिवस शिवणकाम, एक दिवस नुसतं बसायचं. हा नुसतं बसायचा दिवस रद्द करू नका; घरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असताना पंख्याखाली तासभर पाय पसरून बसणं हीच मोठी सोय असते. पाच ते सात शाळेची पोरं. साडेसात ते दहा अभ्यासिका.

अभ्यासिकेला मागणी तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त निघेल. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी दहा-बारा मुलं-मुली प्रत्येक वस्तीत आहेत, आणि घरी टीव्ही चालू असतो. लागतं काय? चार लांब टेबलं, ट्यूबलाइट, एक वर्तमानपत्र आणि शांतता. मुलींसाठी वेगळी रांग ठेवली आणि दहा वाजता सगळ्या एकत्र बाहेर पडतील असं बघितलं तर आईबाप पाठवतात. हीच मुलं पुढं पोरांचा अभ्यास घेतात, अर्ज भरून देतात, हिशेब लिहितात. समितीत तरुण रक्त हवं म्हणून भाषणं ठोकण्यापेक्षा हे बरं.

महिन्यातून एक दिवस सरकारी कामाचा ठेवा. आशाताईंना सांगून लसीकरण, रक्तदाब-साखरेची तपासणी, कधी आधार दुरुस्ती, कधी मतदार नोंदणी. अशा कामाला लोकांना रजा काढून, रिक्षा करून जावं लागतं; तेच काम दारात झालं की समाजमंदिराबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

वर्गणी आणि फळा

पैशावरून मोडलेली मंडळं मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत. चोरी क्वचितच झालेली असते. बहुतेक वेळा हिशेब तोंडी असतो, आणि तोंडी हिशेबावर कुणाचाच विश्वास राहत नाही.

लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळांना उत्सवापुरती तात्पुरती परवानगी मिळते; त्याचा अर्ज ऑनलाइन होतो आणि उत्सव झाला की हिशेब सादर करायचा असतो. कायमस्वरूपी काम करायचं तर संस्था नोंदवा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. नोंदणीनंतर बँकेत खातं निघतं; दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं करा आणि त्या दोघांतली एक बाई असू द्या.

पावती पुस्तक छापील आणि क्रमांकाचं. पाच रुपये दिले तरी पावती. पैसे न देणाऱ्या घराचं नाव कधीही वाचून दाखवू नका. एकाच खोलीच्या भाड्याला महाग असलेली माणसं असतात. त्यांच्याकडून दोन वाट्या तांदूळ, पावशेर साखर, नाहीतर अर्धा दिवस मांडवाची मदत घ्या आणि तीही पावती पुस्तकात लिहा. ‘तांदूळ २ वाट्या’ अशी पावती हातात घेतलेला माणूस पंगतीत ताठ बसतो.

हिशेबासाठी दाराशेजारी काळा फळा. डावीकडं जमा, उजवीकडं खर्च, खाली शिल्लक. कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांच्या आत लिहायचा आणि महिनाभर पुसायचा नाही. बिलं एका फायलीत, फाईल कपाटात, मागेल त्याला बघायला. फळ्यावर शिल्लक अठरा रुपये आली तरी लिहा. सगळे आकडे पूर्ण शंभरात आले की लोकांना संशय येतो, आणि बरोबरच येतो.

वर्षाचं कॅलेंडर, आणि कुणाचा दिवस

आपल्या वस्त्यांचं वर्ष जयंत्या आणि सणांवर चालतं. ३ जानेवारी सावित्रीबाई, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, ११ आणि १४ एप्रिल फुले-आंबेडकर, रमजान, २६ जून शाहू महाराज, १ ऑगस्ट अण्णाभाऊ साठे, मग गणपती, नवरात्र, दिवाळी. अण्णाभाऊ तर आपल्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. त्यांच्या जयंतीला वस्तीत जो उत्साह असतो तो कुणी शिकवायला लागत नाही.

अडचण इथं येते की प्रत्येक दिवस एकेका गल्लीचा ठरून गेलेला असतो. १४ एप्रिल यांचा, १ ऑगस्ट त्यांचा, गणपती वरच्या चौकाचा, मोहरम पलीकडचा. यावर सगळ्यांनी सगळं एकत्र साजरं करावं असं भाषण करून काही होत नाही. कामाची अदलाबदल करा. जयंती ज्यांची त्यांनीच करायची, पण त्या दिवशी पाणी आणि वाढप दुसऱ्या गल्लीकडं. गणपतीत वाढायला खालची गल्ली, ईदला शिरखुर्म्याचे कप मांडायला वरची. हातात वाढप आलं की माणूस पाहुणा राहत नाही. आपल्या जिल्ह्यात हे नवं नाही. कडेगावच्या मोहरमात ताबूत बसवण्यात हिंदू घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गायला येणारे जात विचारून येत नाहीत.

मोठ्या सणांच्या मध्ये मुलांसाठी एक दिवस घ्यायचा असेल तर ५ नोव्हेंबर घ्या, मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला तो याच शहरात, म्हणून तर सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. पण नाट्यगृहाचं तिकीट काढून वस्तीतलं पोर कधी जातं? समाजमंदिरात दोन साड्यांचा पडदा बांधा, पोरांना पंधरा मिनिटांचं नाटुकलं स्वतःच रचू द्या. विषय त्यांनाच निवडू द्या; बहुतेक वेळा नळावरचं भांडण निघतं आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात.

कार्यक्रमाचा दिवस

धरा, १ ऑगस्टची जयंती आहे: सकाळी अभिवादन, दुपारी पंगत, संध्याकाळी मिरवणूक. तीन आठवडे आधी कामाला लागा. मांडव रस्त्यावर येत असेल तर महापालिकेची परवानगी, ध्वनिक्षेपकासाठी आणि मिरवणुकीच्या मार्गासाठी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत वस्ती येते तिथला अर्ज, रस्ता अडत असेल तर वाहतूक शाखा, विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी. प्रत्येक अर्जावर एकाच माणसाचा मोबाईल नंबर द्या, तीन जणांचे तीन नको. मांडवातून रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी ठेवायचीच. आपल्या गल्ल्यांत हे अवघड आहे, म्हणून मांडव आडवा न घालता एका बाजूला घ्या.

आवाजाबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. वर्षातले काही ठरावीक दिवस रात्री बारापर्यंत सवलत असते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. तुमचा दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका. डॉल्बीचं भाडं हा जयंतीतला सगळ्यात मोठा खर्च असतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच हातात राहत नाही. पत्र्याच्या घरात तान्हं मूल आणि म्हातारा माणूस असताना तो दणका काय करतो हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. हलगी-घुमकं, लेझीम, झांजपथक घ्या. हलगीवाले आपल्याच वस्तीत आहेत. पैसे त्यांना मिळू द्या.

आता पंगत. शंभर पानांना मसालेभात करायचा तर आठ ते दहा किलो तांदूळ लागतो, शिऱ्याला चार-पाच किलो रवा. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे चार जार, वर एक राखीव. गॅस व्यावसायिक, १९ किलोचा. घरगुती लाल टाकी सार्वजनिक स्वयंपाकाला वापरता येत नाही आणि मांडवाच्या कापडाखाली तर कुठलीच शेगडी नको. दोन बादल्या वाळू आणि दोन पाण्याच्या, शेगडीपासून चार पावलांवर. ऑगस्टात पाऊस येणारच, म्हणून आचाऱ्यावर पत्रा हवा. शिजवलेला भात चार तासांच्या आत पानात गेला पाहिजे. पाहुण्यांसाठी खोळंबून अन्न ठेवू नका, पाहुणे उशिरा येतील तर उशिरा जेवतील.

पहिली पंगत बायका, म्हातारी माणसं आणि पोरांची. आपल्याकडं पहिल्या पंगतीला पुढारी आणि शेवटच्या पंगतीला, भात संपत आल्यावर, चुलीपाशी राबलेल्या बायका असतात. हे उलटं करायला ठराव लागत नाही. वाढपी पुरुष ठेवले की झालं. भांडी घासायलाही पुरुषच. पहिल्या वर्षी हसतील, दुसऱ्या वर्षी तेच कढई घासायच्या टिप्स देतात.

सत्कार पाच. शाल, नारळ, फोटो धरून एका सत्काराला दोन मिनिटं जातात, आणि पंधरा सत्कार म्हटल्यावर पोरं भुकेनं रडायला लागतात. भाषण एकच, दहा मिनिटांचं. वस्तीतल्या मुलीचं असेल तर उत्तम. फ्लेक्स लावायचा तर महापालिकेच्या परवानगीचा, एकच, आणि त्यावर ज्यांची जयंती त्यांचाच फोटो. ‘सौजन्य’ म्हणून पैसे देणाऱ्याचं नाव फळ्यावर जमेच्या बाजूला लिहिलं जाईल, हे आधीच स्पष्ट सांगा. जे टिकतील ते खरे देणारे. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर परवानगीच्या अर्जात तसा उल्लेख करून पोलीस ठाण्यात आधी विचारा.

जुलै ते सप्टेंबर: पुराची तयारी

सांगलीतली ही गोष्ट बाकीच्या शहरांच्या मार्गदर्शकात सापडणार नाही. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर ही नावं प्रत्येक पुराच्या बातमीत पहिल्यांदा येतात, कारण पाणी पहिल्यांदा तिथंच येतं.

तुमचं समाजमंदिर २०१९ ला बुडालं होतं का, आणि किती? भिंतीवर चिखलाची रेघ अजून असेल तर ती रंगात झाकू नका, लाल रंगानं ठळक करा आणि साल लिहा. बुडालेली वास्तू निवारा म्हणून वापरायची नाही. ती फक्त एकत्र जमायची जागा. तिथून महापालिकेनं ठरवलेल्या शाळेत किंवा निवारा केंद्रात जायचं. जून संपायच्या आत एक यादी करा: अंथरुणाला खिळलेली माणसं, दिवस भरत आलेल्या बायका, तान्ही बाळं, डायलिसिसवर असणारे, एकटे राहणारे. प्रत्येक नावापुढं त्यांना बाहेर काढणाऱ्या दोन धडधाकट माणसांची नावं. ही यादी फळ्याच्या मागच्या बाजूला चिकटवा, एक प्रत वरच्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडं.

कोयनेतून किती क्युसेकनं पाणी सोडलं हे मोबाईलवर फिरायला लागतं तेव्हा त्यात निम्म्या जुन्या बातम्या असतात. एकाच माणसानं महापालिकेच्या आणि जिल्हा आपत्ती कक्षाच्या घोषणा बघायच्या आणि फळ्यावर पातळी आणि वेळ लिहायची. ३८ फुटांना संस्थेची कागदपत्रं, पावती पुस्तकं, अंगणवाडीची हजेरी, लाउडस्पीकर, शिलाई मशीन बाहेर काढा. ४० ला मेन स्विच बंद. जनावरं, शेळ्या-कोंबड्या असणाऱ्या घरांना आणखी आधी सांगा. ते जनावर सोडून निघत नाहीत आणि मग छतावर अडकतात.

पाणी ओसरल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी सगळ्या सामानाचे फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत भिजलेल्या वस्तू फेकू नका. चिखल ओला असतानाच काढायचा, वाळला की फावड्यालाही दाद देत नाही. भिंती खालपासून धुवून चुना, फरशीला ब्लीचिंग पावडर. वायरमननं मीटर आणि बोर्ड उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय लाइट चालू करायचा नाही, दोन रात्री मेणबत्तीवर गेल्या तरी चालतील. खोली वापरायला झाली की पहिल्यांदा अंगणवाडी भरवा, म्हणजे घरं साफ करणाऱ्या आयांना पोरं ठेवायला जागा होते. बचत गटाच्या बैठका आणि अभ्यासिका आठ-दहा दिवसांनी.